हरवलेले शून्य

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे आहे. यादीत नुसते 'धामणगाव' लिहिले तर त्यातले कोणते समजायचे? असा घोळ होऊ नये म्हणून जनगणनेत राज्य, जिल्हा, गाव यांना संकेतांक देतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ होता आणि बुलढाणा जिल्ह्याचा ०४.

हा ०४ स्प्रेडशीटमध्ये टंकित केला की त्याचा ४ होतो. ती यादी डेटाबेसमध्ये घेऊन आपण '०४' च्या नोंदी शोधल्या, तर जिल्ह्यातले एकही गाव सापडत नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर या दोन साधनांच्या इतिहासात आहे. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याची एक पद्धत सुचवली. आजचे बहुतेक डेटाबेस तिच्यावर उभे आहेत. कोणत्या स्तंभात कोणत्या प्रकारची माहिती येणार, हे त्यांत आधी ठरवावे लागते. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट आले. ते हिशेबासाठी होते. पहिली कळ अक्षराची असेल तर मजकूर, अंकाची असेल तर संख्या, असे ते मानत असे. हिशेबात ०४ आणि ४ एकच, त्यामुळे कोणाचे काही बिघडत नव्हते. पुढच्या स्प्रेडशीटनी अंदाज करण्याची ही सवय आणखी वाढवली.

आम्हा संशोधकांनाही तिचा त्रास झाला. 'सेप्ट२' आणि 'मार्च१' या जनुकांच्या नावांना एक्सेल तारखा समजते, हे २००४ साली एका शोधनिबंधाने दाखवून दिले. शेवटी २०२० साली जाहीर झालेल्या नियमांनुसार जनुकांचीच नावे बदलली गेली!

आता शाळेकडे येऊ. २०१५ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या 'सरल' प्रणालीत विद्यार्थ्याचा क्रमांक १९ अंकी असतो. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते आणि उरलेल्या चार जागी शून्ये भरते. विद्यार्थ्याचा अनुक्रम असतो तो नेमका शेवटी. म्हणजे एकाच शाळेतल्या अनेक मुलांचे क्रमांक सारखे होतात. ०४ मधले शून्य परत लावता येते, कारण संकेतांक दोन अंकी आहे हे आपल्याला माहीत असते. हे चार अंक मात्र त्या फाइलमधून कोणत्याही युक्तीने परत मिळत नाहीत.

म्हणून काळजी आधीच घ्यावी. अंक भरण्यापूर्वी स्तंभाचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवावा. डेटाबेसमध्ये घेताना सगळे स्तंभ प्रथम मजकूर म्हणून एका तात्पुरत्या तक्त्यात घ्यावेत. नोंदींची संख्या, संकेतांकांची लांबी आणि तारखा तपासाव्यात. मगच वय, गुण यांचे संख्येत रूपांतर करावे.

कोणता स्तंभ संख्येचा, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: यातल्या दोन आकड्यांची बेरीज केली तर तिला काही अर्थ आहे का? गुणांच्या बेरजेला आहे, हजेरी क्रमांकांच्या बेरजेला नाही. संकेतांक अंकांत लिहिलेला असला तरी ते नावच असते. वर्गातल्या हजेरीपटाचा एकेक स्तंभ घेऊन विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारून पाहा.