गोव्याचा १९६७ चा जनमत कौल : प्रश्न विचारायचा कसा?

संशोधनाचा विषय ठरला की आपण सगळे आधी प्रश्नावली लिहायला बसतो. मीही तेच केलं. एका सरकारी धोरणाला लोकांचा किती पाठिंबा आहे हे मोजायचं होतं, आणि पायलटमध्ये मी विचारलं, 'मागच्या निवडणुकीत मत कोणत्या पक्षाला दिलंत?' त्यावरूनच पाठिंबा काढायचा बेत होता. गाईडनी कागद परत केला. म्हणाले, "आधी गोव्याचा जनमत कौल वाच." वाचला, आणि अर्धी प्रश्नावली खोडली. तुमची खोडायची वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

डिसेंबर १९६३ मध्ये मुक्त गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सर्वांत मोठा ठरला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्ष म्हणू लागला, लोकांनी विलीनीकरणाला कौल दिलाच आहे. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाला हे मान्य नव्हतं. या एकाच प्रश्नावर लोकांना वेगळं विचारा, अशी मागणी पुढे आली. शेवटी संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला.

आता रचना बघा. पर्याय दोनच: महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित प्रदेश. वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हं होती. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित प्रदेशाला दोन पानं. सत्तेचा दबाव नको म्हणून बांदोडकर सरकार आधीच पायउतार झालं. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा.

खरी गंमत पुढे आहे. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकरांचा पक्ष पुन्हा जिंकला! जागा आणि मतं यांचं गणित वेगळं असतं हे खरं. पण पक्षाला मत देताना माणूस शाळा, कुळांचे प्रश्न, नेता, जात असं बरंच काही बघतो. म्हणजे पक्षाचं मत हे धोरणावरच्या मताचं माप नाही. माझी चूक नेमकी हीच होती.

या कौलातही उणिवा होत्या. स्वतंत्र घटक राज्य हा पर्यायच नव्हता. तो दर्जा गोव्याला ३० मे १९८७ रोजी मिळाला. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्याला केंद्रशासित प्रदेश हवा होता की फक्त विलीनीकरण नको होतं, हे आकड्यातून कळत नाही. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही मत मिळालं नाही. कोणाला विचारायचं आणि कोणते पर्याय द्यायचे, इथेच अर्धं उत्तर ठरतं.

आणि हा कौल नमुना घेऊन करायचा असता तर? वैध मतांचे साधारण ५५.५ टक्के दोन पानांना होते. १०० जणांचा यादृच्छिक नमुना घेतला, तर ९५ टक्के विश्वासपातळीला जवळपास ९.७ टक्के इकडेतिकडे होतात, म्हणजे ४५.८ ते ६५.२. कोण पुढे हेच सांगता येत नाही! ४०० जण घेतले तर ५०.६ ते ६०.४, म्हणजे जेमतेम निभावतं.

पण पर्याय चुकला असेल तर ४०० काय, चार लाख माणसं विचारूनही तो दुरुस्त होत नाही. तेव्हा तुमची प्रश्नावली काढा आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: हा नक्की काय मोजतोय?