हळद शिजवण्याचा ड्रम : वाफेने धुतानाचा ताण बांधणीतच धरावा

सांगली जिल्ह्यातील मिरज, वाळवा आणि साताऱ्यातील वाई, कोरेगाव भागात हळद काहिलीत उकळण्याऐवजी बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडून शिजवली जाते. वेळ, पाणी व जळण वाचते. ड्रम घेताना चौकशी होते ती क्षमतेची आणि किमतीची. पण ड्रमची खरी परीक्षा होते ती वाफेने धुताना आणि धुतल्यानंतर थंड होताना. हा ताण सुरुवातीलाच विचारात घेतला नाही, तर ड्रम चेपतो किंवा झाकण उडून माणूस जखमी होतो.

धुताना काय घडते?

शिजवताना झाकणाकडून वाफ निसटत राहते, त्यामुळे आत फारसा दाब साठत नाही. धुताना मात्र झाकण आवळून वाफ सोडली जाते. त्यातून दोन धोके संभवतात.

१. आतून दाब : माती, पाला किंवा मुळ्यांनी खालचा निचरा तुंबला, तर बॉयलरचा दाब ड्रममध्ये चढत जातो. १ मीटर व्यासाच्या सपाट झाकणावर ०.५ किलो प्रति चौ. सें.मी. दाब म्हणजे सुमारे ३.९ टन जोर. काट्यावर दाब किरकोळ दिसतो. क्लॅम्पवर येणारा भार किरकोळ नसतो.

२. बाहेरून दाब : वाफेचे पाणी झाले की तिचे आकारमान सुमारे १,६०० पटींनी घटते. सर्व व्हॉल्व्ह बंद असताना ड्रम थंड झाला, तर आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा ड्रम दाबते. आपल्या भागाच्या उंचीवर हा दाब प्रति चौ. मी. साडेनऊ टनांच्या आसपास भरतो. गरम बंद ड्रममध्ये थंड पाणी सोडले, तर हे काही सेकंदांतच घडते.

पत्र्याची जाडी

गोल ड्रम आतला दाब चांगला झेलतो, कारण पत्रा ताणला जातो. बाहेरच्या दाबाला तोच पत्रा दुमडतो. १ मी. व्यास व १.२ मी. उंचीचा २ मि.मी. पत्र्याचा साधा ड्रम पूर्ण पोकळीत हिशेबानेच टिकत नाही. ३ मि.मी. पत्रा हिशेबात टिकतो. पण वेल्डिंग, पोचे आणि गंज धरून पुरेशी सुरक्षितता उरत नाही. मध्यावर बाहेरून एक मजबूत कडी वेल्ड केल्यास ताकद जवळपास दुप्पट होते. सपाट तळापेक्षा व सपाट झाकणापेक्षा फुगीर आकार घ्यावा.

ऑर्डर देताना लिहून घ्या

- ड्रम आतून किती दाब व किती तापमान सहन करेल. १ किलो दाबाची वाफ सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. गॅस्केट व काटा त्याला योग्य हवा.
- पूर्ण पोकळी धरून बांधणी केली आहे का. नसेल, तर व्हॅक्यूम ब्रेकर व्हॉल्व्ह आवश्यक.
- ड्रमला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह. येणारी सगळी वाफ बाहेर टाकण्याइतका तो मोठा असावा. ड्रम व त्याच्या मध्ये दुसरा व्हॉल्व्ह नको.
- निचऱ्याचे तोंड मोठे, आत जाळी व तळाला उतार.
- कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाण्याची चाचणी. त्या वेळी ड्रम पाण्याने पूर्ण भरलेला असतो, म्हणून पायांची ताकदही त्या वजनाची हवी.

धुण्याचा क्रम

१. आधी साध्या पाण्याने माती, पाला काढून टाका.
२. वरचा व्हेंट व खालचा निचरा उघडा ठेवूनच वाफ सोडा.
३. वाफ बंद केल्यावर दोन्ही तसेच उघडे ठेवा. ड्रम हाताला कोमट लागेपर्यंत व्हेंट बंद करू नका.
४. गरम ड्रमवर किंवा ड्रममध्ये थंड पाणी मारू नका.
५. झाकण उघडण्यापूर्वी व्हेंट उघडा आहे याची खात्री करा. केवळ काटा शून्यावर आला म्हणून क्लॅम्प सोडू नका. काटा अडकलेला असू शकतो.

स्टीलच्या ड्रममध्ये ब्लीचिंगचे पाणी वापरले असल्यास ते पूर्ण धुऊन काढल्याशिवाय वाफ सोडू नका. क्लोराईड व उष्णता एकत्र आल्यास स्टीलला खड्डे व तडे पडतात. खारपट बोअरच्या पाण्यालाही हेच लागू आहे.

कायद्याची बाजू

१९२३ च्या कायद्याच्या जागी आता बॉयलर कायदा, २०२५ आला आहे. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे किंवा १ किलो प्रति चौ. सें.मी.पेक्षा कमी दाबाचे बॉयलर त्यातून वगळलेले आहेत. त्यावरील बॉयलरला नोंदणी व चालू प्रमाणपत्र लागते. भाड्याने युनिट आणतानाही हे कागद पाहून घ्यावेत. कायद्यातून सूट म्हणजे धोक्यातून सूट नव्हे. कमी दाबाचा ड्रमही पोकळीने चेपतो.

चेपलेला ड्रम ठोकून सरळ करून पुन्हा वाफेला लावू नका. त्याची मूळ ताकद परत येत नाही. हंगामापूर्वी व्हेंट, सेफ्टी व्हॉल्व्ह, क्लॅम्प आणि वेल्डिंग तपासून घ्या. काढणी सुरू झाल्यावर यासाठी सवड मिळत नाही.