फाळ, दार आणि अंड्याचं टोक

सॉकेट हा शब्द मुळात शेतातला. जुन्या फ्रेंचमध्ये 'सोक' म्हणजे नांगराचा फाळ, आणि त्याचं लघुरूप 'सोकेट', म्हणजे फाळुकलाच. नॉर्मन फ्रेंचमधून तो इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ होता फाळाच्या आकाराचं भाल्याचं पातं. फ्रेंचांना तो गॉल प्रदेशातल्या केल्टिक बोलींकडून मिळाला होता. त्याच कुळातल्या जुन्या आयरिशमध्ये 'सोक्' म्हणजे फाळही आणि डुकराचं मुस्कटही. जमीन उकरायचं काम दोघांचं. बहुतेक व्युत्पत्तिकार हे मूळ आपल्या 'सूकर'पर्यंत नेऊन भिडवतात. डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या अभियंत्याला हे सांगितलं तर तो हसेल, पण शब्दांची खानदानं अशीच असतात.

भाल्याचं पातं दांड्यावर चढवायचं तर त्याच्या बुडाशी पोकळ नळी लागते. बहुधा तिथेच अर्थ घसरला. पंधराव्या शतकापर्यंत 'सॉकेट' म्हणजे टोक राहिलं नव्हतं, ज्यात काही बसवायचं ती पोकळी झाली होती. मग त्यात मेणबत्ती आली, डोळ्याची खोबण आली, शरीरशास्त्रातला उखळी सांधा आला आणि शेवटी विजेचा दिवा आला. भोसकणाऱ्या वस्तूचं नाव भोकाला मिळालं. शब्दाने कूस बदलली ती अशी, आणि संगणकाच्या जाळ्यात आल्यावर त्याने ती पुन्हा एकदा बदलली.

१९७० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाच्या जुळवाजुळवीत गुंतलेल्या स्टीव्ह क्रॉकर, स्टीफन कार आणि व्हिंट सर्फ यांनी यंत्रायंत्रांतल्या संवादाचा एक मसुदा लिहिला. आरएफसी ३३ या नावाने तो ओळखला जातो आणि त्यात सॉकेट आहे. पुढच्या वर्षी आरएफसी १४७ या टिपणाने त्याची रीतसर व्याख्या केली: सॉकेट म्हणजे ३२ बिटांचा एक क्रमांक. सम क्रमांक घेण्यासाठी, विषम क्रमांक पाठवण्यासाठी. तेव्हाची जोडणी एकाच दिशेने वाहायची, म्हणून दोन वेगळे क्रमांक लागत. सेवा देणाऱ्या यंत्राचा जाहीर क्रमांक पाठवणाऱ्या बाजूचा, म्हणजे विषम असे. ती पद्धत १ जानेवारी १९८३ ला बंद झाली आणि टीसीपी आलं. टीसीपीत दोन्ही दिशांना एकच क्रमांक पुरतो, तरी जुन्या सेवांचे क्रमांक आजही विषम आहेत: एको ७, डिसकार्ड ९, डेटाइम १३, एफटीपी २१, टेलनेट २३, ईमेल पोचवणारं एसएमटीपी २५. २१ आणि २३ च्या मधली रिकामी जागा १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी आपल्या एसएसएचसाठी मागून घेतली. म्हणून एसएसएच २२ वर आहे. क्रमांकांनाही व्युत्पत्ती असते, फक्त ती कोशात सापडत नाही.

म्हणजे १९७१ मध्ये सॉकेट हे नाव होतं, निव्वळ एक आकडा. १९८१ च्या टीसीपीच्या दस्तऐवजात यंत्राचा पत्ता आणि पोर्ट (म्हणजे सेवेचा तो क्रमांक) यांची जोडी म्हणजे सॉकेट झाली, अजूनही नावच. आणि १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारातून युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती निघाली, तिच्यात सी भाषेतून हाक मारायचं 'सॉकेट' नावाचं फंक्शन होतं. हे फंक्शन तुम्हाला एक वस्तू देतं. वस्तूची खूण म्हणून एक लहानसा पूर्णांक हाती येतो. ०, १ आणि २ हे आकडे प्रोग्रॅमच्या इनपुट, आउटपुट आणि त्रुटीसंदेशांनी आधीच अडवलेले असल्याने बहुधा ३ मिळतो. गंमत अशी की ही वस्तू जन्मतः बेनाव असते. दहा-बारा वर्षांत शब्द इतका उलटला की जे स्वतःच नाव होतं त्याला आता वेगळं नाव लावायची पाळी आली.

ते नाव लावणारं फंक्शन म्हणजे 'बाइंड'. युनिक्सच्या माहितीपुस्तिकेत त्याचं काम थोडक्यात दिलेलं आहे: सॉकेटला नाव बांधणे. हा इंग्रजी शब्द आणि आपलं 'बांधणे' एकाच आद्य धातूची लेकरं. संस्कृत 'बन्ध्' आणि फारसीतून आलेलं 'बंद' हेही त्यांचेच भाऊबंद (या शब्दातही तो आहेच). मराठीत हे समजावताना 'आबद्ध करणे' म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. घरातला शब्द दारात उभा असताना सोवळ्यातला कशाला काढायचा? एखादं नाव दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच बांधून ठेवलेलं असलं की बाइंड अडून बसतं आणि पत्ता वापरात असल्याचं कळवतं. नाव ठेवायला जावं आणि आपल्यालाच नावं ठेवली जावीत, असा तो प्रसंग असतो.

पुढचं 'लिसन'. हाही नातलग. जुन्या इंग्रजीतल्या 'ह्लिस्नन'मागे जो धातू आहे तोच संस्कृतात 'श्रु' होतो: श्रवण, श्रोता, श्रुती. पण नाव थोडं फसवं आहे. नवख्या प्रोग्रॅमरला वाटतं, लिसन म्हटलं की प्रोग्रॅम तिथे ऐकत थांबतो. तसं काही होत नाही. हे फंक्शन तत्क्षणी परत येतं. ते फक्त सांगतं की हा सॉकेट आता स्वतःहून कुणाला हाक मारणार नाही, आलेल्या हाकेला ओ देईल. खरं थांबणं पुढच्या 'ॲक्सेप्ट'मध्ये. तिथे कुणी आलं की त्याच्याशी बोलायला एक नवा सॉकेट मिळतो आणि जुना पुढच्या पाहुण्यासाठी मोकळा राहतो. नेमकं बोलायचं तर लिसन म्हणजे ऐकणं नव्हे, कान टवकारणं.

लिसनला दुसरा एक आकडा द्यावा लागतो, 'बॅकलॉग'. दारात आलेल्या पण अजून आत न घेतलेल्या जोडण्या जास्तीत जास्त किती ताटकळत ठेवायच्या, तो आकडा. बर्कलीच्या त्या ४.२ आवृत्तीत त्याची कमाल मर्यादा ५ होती. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत बॅकलॉग म्हणजे शेगडीच्या मागच्या बाजूला ठेवलेला मोठा ओंडका, जो रात्रभर धुमसत राही. त्यावरून शिल्लक साठा आणि मग उरलेलं काम. महाराष्ट्राला हा शब्द 'अनुशेष' म्हणून चांगलाच ठाऊक आहे. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून विदर्भ-मराठवाड्याच्या राजकारणाने तो घासून गुळगुळीत केला. सॉकेटचा अनुशेष मात्र मर्यादा ओलांडली की नव्या आलेल्याला बाहेरच ठेवतो. चर्चा करत नाही.

पोर्टवर फार वेळ घालवायला नको, पण एक गोंधळ मिटवायला हवा. मराठी लिखाणात कधीकधी संगणकाच्या पोर्टला 'बंदर' म्हटलेलं दिसतं. बंदर म्हणजे लॅटिन 'पोर्टुस'. संगणकातलं पोर्ट आलं ते 'पोर्टा'वरून, म्हणजे दार, वेस. दोघे मुळात सख्खे असले तरी काम वेगळं. ० ते ६५,५३५ अशी क्रमांकांची दारं असलेलं घर डोळ्यांसमोर येतं. इतकी बंदरं असलेला किनारा येत नाही. तिसरा एक पोर्ट आहे तो 'पोर्टारे', म्हणजे वाहून नेणे, याच्यावरून. एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेऊन चालता करणं म्हणजे 'पोर्ट करणं'. आणि तो नेताना काय घडतं, तिथून या शब्दसंग्रहातली सर्वांत रंगतदार गोष्ट सुरू होते.

एका बाइटमध्ये ० ते २५५ इतकेच आकडे मावतात. पोर्टचा क्रमांक त्याहून मोठा, म्हणून तो दोन बाइटांत लिहितात. मग प्रश्न येतो की थोरला बाइट आधी की धाकटा? इंटेलची यंत्रं धाकट्यापासून सुरुवात करतात. जाळ्याचा नियम थोरला आधी असा आहे. ८० हा क्रमांक तुम्ही इंटेलच्या यंत्रावर न उलटता दिलात तर जाळ्याला तो ८० गुणिले २५६, म्हणजे २०,४८० दिसतो. वेबसर्व्हर लिहिला ८० साठी आणि तो जाऊन बसला भलत्याच दारात. हे टाळायला 'एचटॉन्स' नावाचं फंक्शन वापरतात. होस्ट टू नेटवर्क शॉर्ट याची ती आद्याक्षरं. ज्या यंत्रांत मुळात थोरला बाइट आधी असतो त्यांवर हे फंक्शन काहीच करत नाही. त्यामुळे ते गाळलेला प्रोग्रॅम तिथे बिनबोभाट चालतो आणि दुसऱ्या यंत्रावर नेल्यावर कोसळतो.

या दोन पद्धतींना बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन म्हणतात. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी धर्मयुद्धं थांबवून शांततेची विनवणी करणारं एक टिपण लिहिलं (तारीख लक्षात घ्यावी) आणि जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधलं भांडण त्यात आणलं. उकडलेलं अंडं रुंद टोकाकडून फोडायचं की निमुळत्या, यावरून लिलिपुटात बंडं होतात. निमुळतं टोक फोडण्याचा हुकूम मानण्यापेक्षा अकरा हजार माणसं मरण पत्करतात. स्विफ्टला त्याच्या काळातल्या पंथांची टर उडवायची होती. कोहेन यांचं म्हणणं होतं की कुठलंही टोक निवडा, पण सगळे एकच निवडा. आज अभियांत्रिकीची मुलं ही दोन नावं गंभीर चेहऱ्याने पाठ करतात. टिंगलीतून आलेल्या शब्दाला इतकी प्रतिष्ठा क्वचितच मिळते.

हा वाद आपल्याला परका वाटायचं कारण नाही. लिहिताना आपण २५ मध्ये आधी दोन लिहितो, म्हणजे थोरलं टोक आधी. म्हणताना मात्र 'पंचवीस' म्हणतो: पाच आधी, वीस नंतर. इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह' बोलण्यात आणि लिहिण्यात एकाच टोकाने जातं. जुन्या ज्योतिषग्रंथांत आणि शिलालेखांत शक शब्दांनी सांगत तेव्हा 'अंकानां वामतो गतिः' हा नियम असे, अंक डावीकडे चालतात. वेद म्हणजे ४, बाण म्हणजे ५, आणि 'वेदबाण' म्हणजे ४५ नव्हे, ५४. शुद्ध लिटल-एंडियन.

याहून सुरस प्रकार पुढे आहे. सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांच्या हाताखाली पीडीपी-११ या यंत्रावर वाढली. हे यंत्र चार बाइटांचा आकडा धड एका टोकाने लिहीत नसे, धड दुसऱ्याही नाही. बाइटांच्या दोन जोड्या करायच्या, थोरली जोडी आधी ठेवायची, पण प्रत्येक जोडीत धाकटा बाइट आधी. त्यावरचं युनिक्स दुसऱ्या बाइटक्रमाच्या यंत्रावर नेताना 'युनिक्स' या शब्दाची चार इंग्रजी अक्षरं जोडीजोडीने उलटून 'नुक्सी' उमटलं, अशी गोष्ट सांगतात, आणि या गोंधळाला आजही नुक्सी प्रॉब्लेम म्हणतात. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पीडीपी-११ चा हा क्रम विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून दाखवला जातो. आता दुकानात २५४३ रुपयांचं बिल मोठ्याने वाचून पाहा. पंचवीसशे त्रेचाळीस. पाच, दोन, तीन, चार. थोरली जोडी आधी, आणि जोडीत धाकटा आधी. पीडीपी-११ जे करायचं तेच, तंतोतंत.

मराठीतून सी शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. बाइटक्रमाचा तास घेताना अंड्याची गोष्ट जरूर सांगा, पण आधी वर्गाकडून पंचवीसशे त्रेचाळीस मोठ्याने म्हणवून घ्या आणि कुठला अंक आधी तोंडातून बाहेर पडला ते मुलांनाच फळ्यावर लिहायला लावा.