सहा बाइट आणि दोन हजार ग्रह

३२ किलोबाइट म्हणजे नेमके किती? एका इंग्रजी अक्षराला एक बाइट असा हिशेब धरला, तर सुमारे तेहतीस हजार अक्षरे. छापील पुस्तकाची फार तर वीस पाने. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या शंभरपट जागा अडवतो. १९८४ साली एवढीच स्मृती असलेल्या संगणकात केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या. प्रत्येकीत २५६ सूर्यमाला, आणि प्रत्येक सूर्यमालेत उतरण्याजोगा एक ग्रह. म्हणजे एकूण २०४८ ग्रह. प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळी राज्यपद्धती, लोकसंख्या आणि बाजारभाव. खेळणाऱ्याने आपले यान घेऊन यांच्यात हिंडायचे, स्वस्तात माल घेऊन महागात विकायचा, वाटेत चाच्यांशी दोन हात करायचे. खेळाचे नाव 'एलीट'. विद्यार्थ्यांची नावे डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल. खेळ बाजारात आला तेव्हा पहिला वीस वर्षांचा होता, दुसरा एकवीस.

व्हिडिओ गेम म्हटले की शिक्षकांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती अगदीच अकारण नसते. तरीही या उद्योगाचा इतिहास वाचताना एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा पडत आला आहे. शेकडो माणसे आणि अफाट भांडवल असलेल्या कंपन्या शेजारी असताना दोन-चार जणांचा गट जगभर गाजणारा खेळ कसा काढतो? 'प्रतिभा' हे उत्तर सोपे आहे, पण त्यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. एलीटचा मूळ प्रोग्रॅम आता कोणालाही ओळीओळीने वाचता येतो. त्यात अधिक उपयोगी उत्तर सापडते.

आधी ते यंत्र पाहू. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने, म्हणजे बीबीसीने, लोकांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून दूरदर्शनवर मालिका करायचे ठरवले. मालिकेच्या जोडीला एक संगणक हवा होता. तो केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीने बनवला. हाच बीबीसी मायक्रो. डिसेंबर १९८१ मध्ये तो आला. शाळांनी तो घ्यावा म्हणून सरकारने अर्धी किंमत भरली, आणि काही वर्षांतच ब्रिटनमधील बहुतेक शाळांत तो पोचला. सुरू करताच पडद्यावर बेसिक भाषा तयार असे. त्या बेसिकच्या पोटातच असेम्ब्लर होता, म्हणजे यंत्राच्या अगदी तळच्या भाषेत लिहिण्याची सोयही फुकट मिळे. सोबतच्या पुस्तिकेत यंत्राच्या आतली बरीच माहिती दिलेली असे. छोट्या गटांच्या यशाच्या गोष्टी सांगताना गॅरेज आणि झोपण्याची खोली यांचेच कौतुक होते. सरकारी पैशाने शाळाशाळांत पोचलेले हे खुले यंत्र मात्र गोष्टीतून गळते. आम्हाला हे बरोबर वाटत नाही.

आता ग्रहांचा हिशेब करू. ३२ किलोबाइटपैकी पडद्यावरच्या चित्राला आणि यंत्राच्या स्वतःच्या कामाला लागणारी जागा वजा जाता खेळासाठी जेमतेम २२ किलोबाइट उरत. दर ग्रहाची माहिती केवळ वीस बाइटांत लिहायची म्हटली, तरी २०४८ ग्रहांना ४० किलोबाइट लागतील. म्हणजे यादी साठवणे अशक्य. मग बेल आणि ब्रेबेन यांनी यादी साठवलीच नाही. त्यांनी फक्त तीन संख्या साठवल्या. प्रत्येक संख्या दोन बाइटांची, एकूण सहा बाइट. या तिघींची बेरीज करायची, ती दोन बाइटांत मावणार नाही एवढी झाली तर वरचा हातचा सोडून द्यायचा, आणि मिळालेली संख्या रांगेत शेवटी लावून पहिली काढून टाकायची. पुन्हा बेरीज. फिबोनाची श्रेणीत मागच्या दोन संख्या मिळवतात, येथे तीन, एवढाच फरक.

वर्गात हे फळ्यावर करता येते. १२, ४७, ८५ या तीन संख्या घ्या आणि बेरजेचे फक्त शेवटचे दोन अंक ठेवा. पुढे येतात ४४, ७६, ०५, २५, ०६, ३६, ६७... मुलांना ही रांग अगदी अस्ताव्यस्त वाटेल. पण उद्या पुन्हा १२, ४७, ८५ पासून सुरुवात केली तर तीच रांग येणार, एक अंकही बदलणार नाही. आता दशकाचा अंक ग्रहाची लोकसंख्या दाखवतो आणि एककाचा अंक विषम असेल तर ग्रह शेतीप्रधान, असे ठरवा. झाला ग्रह तयार. एलीटमध्ये त्या सहा बाइटांतील निरनिराळे तुकडे राज्यपद्धती, उद्योग, तंत्रज्ञानाची पातळी ठरवतात. नाव बनवण्यासाठी अक्षरांच्या बत्तीस जोड्यांचा तक्ता आहे. संख्या सांगेल त्या जोड्या एकापुढे एक ठेवायच्या. खेळ जेथून सुरू होतो त्या ग्रहाचे 'लेव्ह' हे नाव असेच निघाले, ते कोणी सुचवलेले नाही.

आणि आकाशगंगा आठच का? याचे उत्तर आम्हाला सर्वांत आवडते. पुढच्या आकाशगंगेत जायचे झाले की प्रोग्रॅम त्या सहापैकी प्रत्येक बाइटातील बिटे एक घर डावीकडे सरकवतो. डाव्या टोकाचे बिट फिरून उजव्या टोकाला येते. बाइटात बिटे आठ. आठ वेळा सरकवले की गाडी मूळ जागी. म्हणून नववी आकाशगंगा ही पुन्हा पहिलीच.

अर्थात नियमाला लाजलज्जा नसते. एका प्रयोगात एका ग्रहाला इंग्रजीतील एक असभ्य शब्द नाव म्हणून मिळाला आणि ती अख्खी आकाशगंगाच टाकून द्यावी लागली. ग्रह एकेकटा दुरुस्त करण्याची सोय या पद्धतीत नाही. बीज बदलायचे आणि नवे विश्व कसे निघते ते पाहायचे.

पडद्यावरची याने दिसतात त्रिमितीय, आणि तीही रेषांनी काढलेली. घनाकृतीच्या सगळ्या कडा काढल्या तर समोरच्या आणि मागच्या रेषांची सरमिसळ होऊन तारेचा पिंजरा दिसतो. मागच्या कडा ओळखायच्या कशा? प्रत्येक पृष्ठभागावर लंब असलेला सदिश घ्यायचा आणि नजरेच्या दिशेच्या सदिशाशी त्याचा अदिश गुणाकार करायचा. उत्तराचे चिन्ह सांगते की पृष्ठ आपल्याकडे तोंड करून आहे की पाठ. आकृती बहिर्वक्र असेल तर एवढे पुरते, म्हणून यानेही तशीच घडवलेली. बारावीच्या पुस्तकातला हा गुणाकार 'कशासाठी शिकायचा?' असे विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर सांगावे. गंमत म्हणजे या संगणकातील ६५०२ या मायक्रोप्रोसेसरला गुणाकाराची आज्ञाच नव्हती. बिटे सरकवत आणि बेरजा करत गुणाकार साधावा लागे. अधिक स्मृती असलेल्या यंत्रांसाठी पुढे ज्या आवृत्त्या निघाल्या, त्यांत चक्क लॉगॅरिदमची कोष्टके वापरली आहेत.

खेळ घेऊन दोघे प्रथम थॉर्न ईएमआय या मोठ्या कंपनीकडे गेले. तिला हवे होते तीन जीव, गुणसंख्या आणि दहाएक मिनिटांत संपणारा डाव. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा तो साचा होता. महिनोन्‌महिने चालणारा, ज्यात जिंकणे म्हणजे काय हेही ठरलेले नाही, असा खेळ त्या साच्यात बसेना. नकार मिळाला. एकॉर्नच्याच एकॉर्नसॉफ्ट या प्रकाशन शाखेने तो घेतला. सप्टेंबर १९८४ मध्ये खेळ आला आणि बीबीसी मायक्रो व त्याचे धाकटे भावंड इलेक्ट्रॉन यांवर मिळून लाखाहून अधिक प्रती खपल्या. इतर बनावटीच्या संगणकांसाठीचे हक्क दोघांनी स्वतःकडे राखले होते. ते लिलावात ब्रिटिश टेलिकॉमच्या फायरबर्ड या शाखेने घेतले. आमच्या मते सहा बाइटांच्या बीजाइतकाच हा हक्क राखण्याचा निर्णय महत्त्वाचा. पुढे दोघा मित्रांचे फाटले आणि प्रकरण वकिलांपर्यंत गेले, तेही सांगायला हवे. ब्रेबेनने १९९४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. शाळकरी मुलांसाठी स्वस्त, उघडावाघडा संगणक बनवणाऱ्या रास्पबेरी पाय संस्थेच्या संस्थापकांतही तो आहे.

बीबीसी मायक्रो आपल्याकडेही आला होता. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि सुमारे अडीचशे शाळांना हेच यंत्र दिले. एलीट बाजारात आला तेच हे वर्ष. मग आपल्याकडे तसे काही का घडले नाही? देशाची गरिबी हे कारण आहेच, पण ते पुरेसे नाही. ब्रिटनमध्ये शाळेत पाहिलेले यंत्र अनेक मुलांच्या घरीही असे. एलीटला दोन वर्षे लागली आणि त्यातल्या रात्री किती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. सगळ्या शाळेला मिळून मोजकीच यंत्रे आणि प्रत्येकाच्या वाट्याला ठरलेली तासिका, अशा व्यवस्थेत संगणकाची ओळख होते. त्याच्या मर्यादा बोटांना कळायला लागणारा वेळ मिळत नाही.

स्मृती पुढे स्वस्त झाली. मग बीजाची युक्ती अडगळीत जायला हवी होती. झाले उलटेच. स्मृती हजारो पटींनी वाढली तसे ती भरणारे चित्रकार, रचनाकार शेकड्यांनी लागू लागले आणि छोटा गट पुन्हा अडला. या वेळी टंचाई माणसांची होती. स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने २००९ मध्ये एकट्याने 'माइनक्राफ्ट' लिहायला घेतला. त्यातले डोंगर, दऱ्या, गुहा कोणी रेखाटलेल्या नाहीत. एका बीजसंख्येतून त्या उगवतात. तेच बीज दिले की तीच भूमी, म्हणून मुले चांगली बीजे एकमेकांना सांगतात. अर्धवट खेळच त्याने कमी किमतीत थेट खेळणाऱ्यांना विकला आणि त्या पैशावर तो पुरा केला. मधला प्रकाशक लागलाच नाही. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची मोयांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली. २०२३ पर्यंत खेळाच्या तीस कोटी प्रती खपल्या होत्या.

या युक्तीची मर्यादा मात्र १९८४ मध्येच एकॉर्नसॉफ्टच्या ध्यानात आली होती. सहा बाइट म्हणजे ४८ बिटे, त्यामुळे बेल आणि ब्रेबेन यांना मुळात दोनाचा ४८ वा घात, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगा ठेवायच्या होत्या. प्रकाशकांनी समजावले की एवढ्या दिल्या तर हे सारे एकाच साच्यातून निघते, हे लगेच उघडे पडेल. आठ पुरेत. बत्तीस वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या लहानशा गटाने 'नो मॅन्स स्काय' आणला. त्यात ग्रह होते दोनाचा ६४ वा घात. आकड्यात मांडायचे तर अठरावर अठरा शून्ये, आणि वर थोडे. विक्री प्रचंड झाली. पण काही दिवसांतच खेळणारे तक्रार करू लागले की दहावा ग्रह पाहिला तरी तो तिसऱ्यासारखाच भासतो. शिवाय आधी बोलून दाखवलेल्या काही गोष्टी खेळात नव्हत्याच, त्यामुळे राग अधिक भडकला. हॅलो गेम्सने पुढची कित्येक वर्षे त्याच खेळात नवे प्राणी, नव्या इमारती, नवे नियम घालण्यात घालवली, आणि ही सगळी भर आधी पैसे मोजलेल्यांना फुकट दिली.