पंचवीसचा आकडा आणि पुण्याचे डॉक्टर



तपासणीत बीएमआय २४ निघाला की आपण खूश होऊन घरी येतो. नॉर्मल! हा 'नॉर्मल' आला कुठून, ती कथा वाचण्यासारखी आहे. मी कॉम्प्युटरवाला, डॉक्टर नव्हे, तेव्हा चूभूद्याघ्या.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं गणित १८३०च्या दशकातलं, बेल्जियमच्या केटले या खगोलशास्त्रज्ञाचं. त्याला रोग नव्हे, 'सरासरी माणूस' शोधायचा होता. १९७२ साली अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीजने त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं पाहून. त्यात बायका नाहीत, भारतही नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २५ ही रेघ ओढली, आणि कॅनडानेही २००३ च्या वर्गीकरणात १८.५ ते २४.९ नॉर्मल धरलं. कुणीतरी आकडा हार्डकोड करावा आणि पुढच्यांनी तो निसर्गनियम समजावा, तसं काहीसं झालं.

सरासरी म्हणजे निरोगी नव्हे, हे जॉर्ज कांगिलेम हा फ्रेंच तत्त्वज्ञ १९४३ मध्येच लिहून गेला होता. पण ते डोळ्यांना दाखवलं पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२! त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे पिझ्झा-बर्गरला सगळा दोष देऊन भागत नाही, गोष्ट आईच्या पोटातच सुरू होत असावी.

इकडे कॅनडात डॉ. सोनिया आनंद आणि सहकाऱ्यांनी हॅमिल्टन, टोरांटो आणि एडमंटनमधल्या ९८५ जणांना तपासलं (२०००). युरोपीय, चिनी आणि दक्षिण आशियाई अशा तीन गटांत हृदयविकाराचं प्रमाण आपल्याच लोकांत जास्त निघालं.

२००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हा असं सुचवलं, पण मूळ वर्गीकरण बदललं नाही. कारणही रास्त आहे: धोका कुठे सुरू होतो तो आकडा आशियातही जागोजाग वेगळा. आणि गंमत बघा, याज्ञिकांचे २२.३ या नव्या चाळणीतूनही सहीसलामत निसटतात! त्यामुळे मला तरी आकडा खाली ओढण्यापेक्षा कॅनडाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेची दिशा पटते. तिच्यात स्थूलता नुसत्या वजनावरून नव्हे, तर चरबीने तब्येत बिघडते का यावरून ठरवली आहे.

तोवर घरातली टेप काढा. दक्षिण आशियाई पुरुषांना कंबर ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, ही सावध होण्याची रेघ. तिच्या पलीकडे असाल तर बीएमआय काहीही म्हणो, डॉक्टरांकडे साखरेची तपासणी मागून घ्या.