‘चाळणी’ या शब्दाविषयी

‘चाळणी’ : एन्झाइमांच्या घाऊक चाचणीसाठी लेखकाने वापरलेला शब्द. जनुकात आंधळेपणाने बदल केले की हजारो वाण निपजतात, आणि त्यांतले बहुतेक निकामी असतात. कामाचा वाण हुडकणे, खरी मेहनत तिथे आहे. सबटिलिसिन हे प्रथिने तोडणारे एन्झाइम. त्यासाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी 1993 साली योजलेली युक्ती मला आजही विलक्षण वाटते. दुधातले केसीन आणि एन्झाइमाला न मानवणारे डायमिथिलफॉर्ममाइड हे द्रावक मिसळलेल्या आगरच्या थाळीवर त्यांनी जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या. केसीन पचले की वसाहतीभोवती स्वच्छ वलय उमटते. वलय मोठे, तो वाण पुढच्या फेरीला. अखेर 60 टक्के द्रावकात मूळच्या 256 पट क्रियाशील वाण हाती आला. (अर्नोल्ड यांना 2018 चे नोबेल मिळाले.) पुढे 2010 मध्ये हार्वर्डमधील डेव्हिड वाइट्झ यांच्या गटाने तेलातल्या सूक्ष्म थेंबांत यीस्टपेशी कोंडून 10 तासांत सुमारे 10 कोटी चाचण्या केल्या. मात्र चाळणीत जे मोजले जाते तेच सुधारते. चाचणीतला पदार्थ प्रत्यक्ष वापरातल्या पदार्थाहून वेगळा असेल, तर निवड फसते. मूळ लेखात हे सुटले आहे, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले. — संपा.