समतोल त्रिमान पद्धती

समतोल त्रिमान पद्धती : तीन हा पाया धरून, परंतु ०, १, २ या अंकांऐवजी उणे एक, शून्य आणि अधिक एक हे तीन अंक योजून पूर्णांक लिहिण्याची पद्धती. उजवीकडून डावीकडे स्थानांची मूल्ये १, ३, ९, २७, ८१ अशी तिपटीने वाढत जातात. प्रत्येक स्थानाचे मूल्य जमेस धरावयाचे, खर्ची टाकावयाचे की हिशेबातच घ्यावयाचे नाही, एवढेच तेथील अंक सांगतो. +, − आणि ० ही चिन्हे अंक म्हणून घेतल्यास पाच ही संख्या +−− (९ उणे ३ उणे १) आणि शंभर ही ++−०+ अशी लिहिली जाते.

या पद्धतीचे बीज तराजूच्या एका कोड्यात आहे. वजने दोन्ही पारड्यांत ठेवण्याची मुभा असेल, तर १, ३, ९ व २७ या चारच वजनांनी एकपासून चाळीसपर्यंतचे कोणतेही पूर्ण वजन तोलता येते, हे फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथात आणि पुढे बाशे या फ्रेंच गणितज्ञाच्या १६१२ च्या संग्रहात आले आहे. तेवीस शेरांचा जिन्नस तोलताना सत्तावीस शेरी वजन समोरच्या पारड्यात व तीन आणि एक शेरी वजने जिनसाच्या बाजूस पडतात. तीच मांडणी कागदावर उतरली की +०−− होते.

संख्येचे ऋणत्व येथे बाहेरून लावलेल्या चिन्हात राहत नाही, ते अंकांतच मुरलेले असते, आणि या पद्धतीचे बहुतेक गुण यातूनच निघतात. प्रत्येक + च्या जागी − व − च्या जागी + लिहिला की संख्या उलटते, म्हणून वजाबाकीची स्वतंत्र रीत लागत नाही. डावीकडील पहिला शून्येतर अंक पाहताच संख्या धन की ऋण ते कळते. आणि शून्येतर अंकांची गणती सम असेल तरच संख्या सम असते, कारण तिनाचा प्रत्येक घात विषम आहे. शेवटचा अंक गाळला असता तिनाने भागून निकटतम पूर्णांक आपोआप मिळतो : +०−− मधून +०−, म्हणजे तेविसातून आठ. बेरजेत एक आणि एक मिळविताना उणे एक लिहून हातचा एक घ्यावा लागतो खरा, परंतु एका अंकाने गुणताना गुण्य तसेच उतरावे, उलटवावे किंवा सोडून द्यावे, इतकेच काम असल्याने पाठ करावयास पाढेच उरत नाहीत. शाळकरी मुलांना ही सवलत मिळाली नाही, हे त्यांचे दुर्दैव.

इंग्लंडातील डेव्हन परगण्यातील टॉमस फाउलरने १८४० मध्ये याच पद्धतीवर चालणारे लाकडी गणनयंत्र बनविले. यंत्र टिकले नाही, मात्र गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन याने केलेले त्याचे वर्णन उपलब्ध आहे. मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांच्या नेतृत्वाखाली १९५८ मध्ये सिद्ध झालेला ‘सेतुन’ हा संगणकही त्रिमानच होता. त्याच्या सुमारे पन्नास प्रती निघाल्या आणि १९६५ च्या सुमारास उत्पादन थांबले. पुढे दोनच अवस्था असलेले विद्युत्‌घटक स्वस्त व मुबलक होत गेले आणि व्यवहारात द्विमान पद्धतीची मक्तेदारी कायम झाली.

चिन्हावाचून ऋण संख्या लिहिण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पायाच ऋण घेणे. इटालियन गणितज्ञ व्हित्तोरिओ ग्रुनवाल्ड याने १८८५ मध्ये त्याची मांडणी केली. पाया उणे दहा असता स्थानांची मूल्ये १, −१०, १००, −१००० अशी होतात. पंधरा ही संख्या १९५ आणि उणे पंधरा ही २५ अशी लिहिली जाते, आणि अंकांची गणती विषम असल्यास संख्या धन, सम असल्यास ऋण ठरते.